ऐन

मनामात, सूकच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर,
जिथे एसीचं पाणी रात्रभर बादलीत मोजून पडतं,
मी हस्केल शौल यांची रात्रपाळी करते.
साखर, रक्तदाब, टाचेची जखम,
आणि दिवा घालवण्याआधी एक ओळ.

ती ओळ मला येते.
नागावला आमच्यात तेवढीच उरली होती म्हणतात.
घाणा फिरत राहिला, शनिवारी थांबत राहिला,
लिपी गेली, व्याकरण गेलं, ती ओळ गेली नाही.
म्हणून पहिल्या रात्री मोठ्या तोऱ्यात म्हणाले:
शेमा इस्राएल.

म्हातारा ताडकन उठून बसला.
"शेमा नाही, शेमअ! ऐन कुठे टाकलास?"

कुठला ऐन?

बाजारातल्या हिंदीत त्यांनी समजावलं:
जीभ नको, टाळू नको, आणखी खाली.
ओकारी जिथे येऊन थांबते, तिथे.
ती जागा मला माहीत आहे,
तिथूनच आम्ही नळी सरकवतो.
पण माझ्या तोंडून निघाला तो नुसता श्वास.

"लिहिणारे या ओळीत ऐन मुद्दाम मोठा काढतात," ते म्हणाले.
"का, ठाऊक आहे? तो गिळलास
तर 'ऐक'चं 'कदाचित' होतं."

कदाचित, इस्राएल.

थर्मामीटर झटकायचा राहिला हातात.
म्हणजे माझी आजेसासू, तिची सासू,
तेलकट हातांनी डोळे झाकून, बाळंतखोलीत,
मरणाऱ्याच्या उशाशी,
किती शतकं म्हणत होत्या, कदाचित?
आणि ज्याने ऐकायचं, त्याने काय ऐकलं?

हे मी विचारलं नाही. विचारलं ते भलतंच:
जो धड उच्चारताही येत नाही
त्याला इतकं मोठं घर कशाला?

"ऐन म्हणजे डोळा," ते म्हणाले. "ऐन म्हणजे झरासुद्धा.
इथे समुद्राच्या तळाशी गोडं पाणी उसळायचं,
मोती काढणारे पखाल घेऊन
खाऱ्यातून खाली जायचे, प्यायचं पाणी आणायला."

मग मीही सांगितलं.
आमच्या डोंगरात ऐन नावाचं झाड आहे,
मगरीच्या पाठीसारखी साल.
उन्हाळ्यात कोयत्याचा घाव घातला
की खोडातून पाणी येतं.
विश्वास बसला नाही त्यांचा.
आणि आम्ही म्हणतो, ऐन दुपारी, ऐन वेळी.

ते इतके हसले की खोकला लागला.
"तो आमचाच! इथूनच गेला असेल गलबतातून.
डोळा नेलात, घसा इथेच ठेवलात!"

ओळीच्या शेवटी 'एहाद', एक.
त्यातला दालेतही मोठा,
कोपरा गोल झाला तर एकचा दुसरा होतो.
मी औषधाच्या चिठ्ठीमागे देवनागरीत लिहून दाखवलं:
ऐक. एक.
एक मात्रा पुसली की ओळीचं पहिलं टोक
शेवटच्या टोकाला जाऊन मिळतं.
चिठ्ठी चष्म्याजवळ धरून ते बराच वेळ बघत बसले.
मग घडी करून उशीखाली ठेवली.
सकाळी त्यांच्या मुलाला इन्सुलिन मिळेना.

सण संपले त्या आठवड्यात झटका आला.
आता घरी आणलंय. घशात नळी,
ऐन तिथेच.
उजवी बाजू गेली, उजवा डोळा मिटत नाही,
तासातासाला थेंब घालावे लागतात.

काल दिवा घालवताना मी विचारलं, म्हणू?
आणि उत्तराची वाट न बघता
त्यांच्या डोळ्यांवर माझा हात ठेवला.
म्हटलं.
घशातून निघालं की नुसतं ओठांवरून, सांगता येत नाही.
शेमअ निघालं की शेमा.

त्यांचे ओठ हलले.
चूक दाखवत होते की सोबत म्हणत होते
नळीमुळे कळलं नाही.
तळव्याखाली एक पापणी मिटलेली होती.
दुसरी उघडी, ओली.

मी हात काढला नाही लगेच.
बादली भरत आली होती.